वडाप की एसटी? फाइलमध्ये लिहिताना बफर कधी भरू द्यायचा, कधी सोडायचा

दहा लाख ओळींची सीएसव्ही फाइल तयार करायची आहे असं धरा. ओळ सरासरी ८० बाइटची, म्हणजे फाइल ८० एमबीची. लिनक्सवर प्रत्येक ओळीसाठी थेट राइट हा सिस्टीम कॉल (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टीमकडे केलेली विनंती) केला तर दहा लाख कॉल होतील. त्याच ओळी आधी प्रोग्रामच्या मेमरीत ४०९६ बाइटच्या बफरमध्ये साठवल्या आणि बफर भरला की कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, दिल्या, तर साडेएकोणीस हजार. बफर ६४ केबीचा केला तर १,२२१. एक एमबीचा केला तर फक्त ७७.

हे वाचून बहुतेकांचा हात एक एमबीकडे जातो, आणि हिशेब तिथेच चुकतो. प्रोग्राममधून कर्नलमध्ये शिरणं, तिथल्या तपासण्या आणि परत येणं, असा एका कॉलचा वरखर्च सोयीसाठी एक मायक्रोसेकंद धरू. तुमच्या मशीनवर तो कमी-जास्त असेल. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन ही प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी उघड झाल्यावर जो बंदोबस्त करावा लागला, त्याने जुन्या इंटेल प्रोसेसरवर हा खर्च वाढला होता. तर एकेक ओळ पाठवली की वरखर्च एक सेकंद. ४ केबीच्या बफरने तो २० मिलिसेकंदांवर येतो, ६४ केबीने सव्वा मिलिसेकंदावर, आणि एक एमबीने ०.०८ वर. पहिल्या उडीत ९८० मिलिसेकंद वाचले, दुसरीत १८-१९, तिसरीत जेमतेम एक. ८० एमबी डेटा कर्नलच्या मेमरीत उतरवण्याचं काम मात्र चारही वेळा तेवढंच.

म्हणून आकाराचा प्रश्न मी फार ताणत नाही. ८ ते ६४ केबीमधलं काहीही घ्या आणि पुढे चला. निर्णय खरा दुसरीकडे आहे: बफरमध्ये अडकलेल्या ओळींची कोणी वाट बघतंय का, आणि त्या गेल्या तर चालणार आहे का?

कोल्हापूर-साताऱ्याकडची वडाप आठवा. जीप गच्च भरल्याशिवाय हलत नाही. पूर्ण बफरिंग म्हणजे हेच. ओळ-बफरिंग म्हणजे प्रत्येक ओळ पुरी झाली की गाडी सुटली. विनाबफर म्हणजे लिहिण्याच्या प्रत्येक आज्ञेला वेगळी गाडी, मग आत एकच अक्षर का असेना. चौथा प्रकार एसटीचा: भरली तर सुटेलच, नाही भरली तरी वेळ झाली की सुटेल.

तुमच्या भाषेने आधीच काय निवडलंय?

हे न बघता स्वतःचा बफर लिहायला बसणं हा वाया गेलेला रविवार. सी भाषेत एफओपनने उघडलेली फाइल आपोआप पूर्ण बफरिंगने चालते, टर्मिनलवर जाणारं आउटपुट ओळीओळीने जातं, आणि स्टँडर्ड एररला (चुकांचे संदेश जातात तो मार्ग) बफरच नसतो. आकार किंवा पद्धत बदलायची तर सेटव्हीबफ आहे. सी++ मध्ये मात्र सवयीने प्रत्येक ओळीच्या शेवटी एंड-एल लिहिणारे खूप. ते नुसती नवी ओळ देत नाही, बफरही रिकामा करतं. एवढी मेहनत करून मिळवलेली बचत तिथे गेली. साधं नव्या ओळीचं चिन्ह लिहा.

पायथनची फाइल बफरसहच उघडते. जावात फाइल-आउटपुट-स्ट्रीम थेट लिहितो, वर बफर्ड-आउटपुट-स्ट्रीम चढवला की ८१९२ बाइटचा बफर मिळतो. गो भाषेत फाइल थेट असते. बफआयओचा रायटर लावला की ४०९६ बाइट मिळतात, पण शेवटी फ्लश (बफर रिकामा करून मजकूर पुढे पाठवणं) तुम्हीच करायचा. विसरलात तर फाइलची शेपटी गायब, आणि सगळा मजकूर ४०९६ पेक्षा कमी असेल तर फाइल शून्य बाइटची. रस्टचा बफरायटर व्याप्ती संपताना स्वतःच बफर रिकामा करतो, पण त्या वेळी आलेली चूक गिळून टाकतो. तिथेही शेवटी हाताने फ्लश करून उत्तर तपासलेलं बरं.

उत्तर तपासण्याचा मुद्दा सगळ्याच भाषांना लागू आहे. थेट लिहिताना डिस्क भरली तर त्याच ओळीवर चूक कळते. बफर असताना लिहिण्याची आज्ञा खुशाल यशस्वी होते आणि डिस्क भरल्याची बातमी फाइल बंद करताना येते, जिथे कोणी बघत नाही.

लॉग लिहिणार असाल तर

इथे जरा थांबतो, कारण मी स्वतः यात तोंडावर पडलो आहे. पायथनची एक स्क्रिप्ट कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रामसाठीच्या वेगळ्या बंदिस्त वातावरणात, लावली होती. माझ्या टर्मिनलवर ओळी टपाटप दिसत होत्या, कंटेनरच्या लॉगमध्ये काहीच नाही. स्क्रिप्ट अडकली असं समजून मी ती मारली. ती व्यवस्थित चालू होती. आउटपुट टर्मिनलऐवजी पाइपमध्ये, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामकडे, जात असल्यामुळे पायथनने गुपचूप ओळ-बफरिंग सोडून पूर्ण बफरिंग धरलं होतं, आणि मी प्रोसेस मारल्यावर बफरमधल्या ओळीही तिच्याबरोबर गेल्या. म्हणजे काय झालं होतं हे सांगणारा पुरावाच मी पुसला. उपाय अर्ध्या मिनिटाचा होता: पायथनला मायनस यू द्यायचं, किंवा पायथनअनबफर्ड हे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल लावायचं.

मजकूर शोधणाऱ्या ग्रेप या आज्ञेचं आउटपुट पुढच्या पाइपमध्ये दिलं की ओळी अडकतात, तेही याच कारणाने. त्याला लाइन-बफर्ड हा पर्याय आहे. सीच्या स्टँडर्ड लायब्ररीवर चालणाऱ्या इतर आज्ञांसाठी एसटीडीबफ उपयोगी पडतं. गो किंवा पायथनच्या प्रोग्रामवर त्याचा काही परिणाम होत नाही.

लॉगसाठी माझा कौल ओळ-बफरिंगला. मिनिटाला शे-दोनशे ओळी लिहिणाऱ्या सेवेत कॉल वाचवून हाती काही लागत नाही, आणि प्रोग्राम कोसळतो तेव्हा शेवटच्या दहा ओळीच सोन्याच्या असतात. सेकंदाला हजारो ओळी असतील तर एसटीची पद्धत घ्या. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगला बफरचा आकार आणि फ्लशची मुदत दोन्ही देता येतात. उदाहरणार्थ ३२ केबी आणि पाच मिनिटं: जे आधी होईल तेव्हा लिहिलं जातं. एरर लॉगच्या वाट्याला मात्र असली काटकसर येऊ देऊ नका.

एकाच फाइलमध्ये अनेक प्रोसेस लिहीत असतील तर पूर्ण बफरिंग नकोच. ४०९६ ला ८० ने भागा: ५१ ओळी पूर्ण मावतात, ५२ वी मध्येच तुटते. तिचा उरलेला तुकडा पुढच्या फेरीत जातो आणि तोवर दुसऱ्या प्रोसेसच्या ओळी मध्ये घुसतात. फाइल अपेंड पद्धतीने उघडून एक ओळ एका कॉलमध्ये दिली की स्थानिक डिस्कवर ही सरमिसळ टळते. एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून वापरलेल्या डिस्कवर, तीही खात्री नाही.

लाइट गेली तर?

‘बफर नको, डेटा सुरक्षित हवा’ असं म्हणणाऱ्यांची इथे गल्लत होते. थेट राइट केला तरी डेटा डिस्कवर जात नाही, कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतच, जातो. लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये कर्नल दर पाच सेकंदांनी जागा होऊन ३० सेकंदांहून जुनी पानं डिस्ककडे रवाना करतो. म्हणून प्रोग्राम कोसळला तर थेट लिहिलेलं वाचतं आणि बफरमधलं जातं, पण वीज गेली तर दोन्ही जाऊ शकतं. फ्लश केलं म्हणजे माल कर्नलच्या दारात टाकला. डिस्कची पोचपावती हवी तर एफसिंकच करावं लागतं.

आणि एफसिंक महाग आहे, कॉलच्या मायक्रोसेकंदांशी त्याची तुलनाच नाही. एसक्यूलाइट या डेटाबेसचे कर्ते स्वतः सांगतात की साध्या संगणकावर सेकंदाला ५०,००० किंवा जास्त इन्सर्ट सहज होतात, पण फिरत्या डिस्कवर ट्रान्झॅक्शन (डिस्कची पोचपावती घेऊन पक्का केलेला नोंदींचा गठ्ठा) मात्र काही डझनच. पैशांच्या नोंदी, ऑर्डर, पावत्या अशा गोष्टी लिहीत असाल तर बफरच्या आकाराशी खेळू नका. बऱ्याच नोंदी एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधा, किंवा हे काम सरळ डेटाबेसकडे सोपवा.

रात्रीच्या एक्स्पोर्टला यातलं फारसं काही लागत नाही. मध्येच मोडला तर पुन्हा चालवायचा. पूर्ण बफरिंग ठेवा, तात्पुरत्या नावाने लिहा, शेवटी फ्लश, एफसिंक, आणि मग नाव बदला.

अनेक तुकडे एकाच कॉलमध्ये लिहिणारं राइटव्ही, फाइल मेमरीसारखी वापरू देणारं मेमरी-मॅपिंग, २०१९ साली लिनक्स ५.१ मध्ये आलेलं आयओ-युरिंग ही पुढची हत्यारं आहेत. शीर्षक आणि मजकूर वेगवेगळ्या जागी असून एकत्र जोडण्याची नक्कल टाळायची असेल तर राइटव्ही छान. बाकी दोन्हींकडे साधा बफर लावून, मोजून, तरीही पुरत नसेल तरच वळावं.

मोजायला एसट्रेस या सिस्टीम कॉल टिपणाऱ्या आज्ञेला मायनस सी देऊन प्रोग्राम चालवा. राइटचे किती कॉल झाले ते शेवटी तक्त्यात येतं. दहा लाखांच्या घरात असतील तर बफर लावा. हजारांत असूनही प्रोग्राम रेंगाळत असेल तर दुखणं दुसरीकडे आहे, बहुधा ओळ तयार करण्यातच. तक्त्यातली वेळ मात्र धरू नका, फक्त संख्या बघा. एसट्रेस स्वतःच प्रोग्रामला बराच मंद करतो.