कॉन्सन्ट्रेटर की सिलिंडर? पाखाडीवरच्या घराचा हिशेब

सीओपीडीचा (फुफ्फुसांचा जुनाट, दम लावणारा आजार) पेशंट 'दिवसाला किमान १५ तास, मिनिटाला २ लिटर ऑक्सिजन' अशी चिठ्ठी घेऊन घरी आला की कोकणात सल्ला ठरलेला असतो: लाइटीचा भरवसा नाही, सिलिंडरच घ्या. खोटं नाही ते. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक वाड्या आठवडेच्या आठवडे अंधारात होत्या. तरी वर्षभराचा हिशेब मांडला तर माझा कल कॉन्सन्ट्रेटरकडे, म्हणजे हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या विजेवरच्या मशीनकडे जातो. कारण लाइटीचं नाही, सिलिंडरवरच्या वॉशरचं आहे.

मोठ्या डी टाइप सिलिंडरात साधारण ७००० लिटर, छोट्या बी टाइपमध्ये १५०० लिटर. २ लिटरने डी ५८ तास चालतो, बी साडेबारा. रोज १५ तास लावायचा तर डी चार दिवसही पुरत नाही. महिन्याला आठ फेऱ्या. गाडी दारात येत असेल तर ठीक. पाखाडी, म्हणजे चिऱ्याच्या पायऱ्यांची वाट उतरून वाडीत आणायचा तर दोन गडी लागतात, आणि पावसात त्या पायऱ्यांवर शेवाळ. पण त्याचीही सवय होते.

सवय होत नाही ती बदलून येणाऱ्या सिलिंडरची. आपला रिकामा जातो, येतो दुसराच कुठला तरी. त्याचा व्हॉल्व्ह किती झिजलाय, कोणी किती आवळलाय, काही कळत नाही. भरलेल्याचा दाबाचा काटा १५०च्या आसपास हवा. ११०वर आला तर पाव भाग आधीच गेलेला असतो, पैसे मात्र पूर्ण. वर रेग्युलेटरचा वॉशर नीट बसला नाही तर रात्रभर गळती. पेशंट झोपेत, घरचे झोपेत, सिलिंडर काही बोंबलत नाही. लाइट गेली तर निदान पंखा थांबतो, जाग येते.

सिलिंडरच घेणार असाल तर प्रत्येक बदलीला हे कराच. रेग्युलेटर बसवा, फ्लो बंद ठेवा, व्हॉल्व्ह उघडून काटा बघा, मग व्हॉल्व्ह बंद करून पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला तर गळती आहे. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे जागा दाखवतात. वॉशर बदला. नुसतं आवळत सुटलात तर तो आणखी चेपतो. तेल, ग्रीस तर नकोच, खोबरेलाचा हातही नको. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरासारखा अंदाज मात्र करावा लागत नाही, कारण इथे काटा निम्मा म्हणजे ऑक्सिजन निम्मा. डीला २ लिटरवर काटा १० उतरला की चार तास गेले, असं धरा.

कॉन्सन्ट्रेटरची कटकट वेगळी, पण दिसणारी. ५ लिटरचं मशीन सुमारे ३५० वॉट ओढतं. १५ तासांचे रोज सव्वापाच युनिट, महिन्याला दीडशेच्या वर. बिल पुढच्या स्लॅबमध्ये जातं. १५० एएचच्या एका बॅटरीवर तीन-साडेतीन तास निघतात. चालू होताना कॉम्प्रेसर झटका मारतो, म्हणून इन्व्हर्टर हजार व्हीएच्या वरचा आणि साइन वेव्हचाच घ्या. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर स्टॅबिलायझरही लागतो.

खरा शत्रू ओल. मशीनमधला, हवेतला नायट्रोजन धरणारा झिओलाइट दमटपणाने खराब होतो, मग ९३ टक्क्यांच्या जागी कमी शुद्धतेचा ऑक्सिजन येऊ लागतो. मशीन भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. वाळत घातलेल्या कपड्यांच्या किंवा चुलीच्या खोलीत नको. फोमचा फिल्टर आठवड्याला धुवायचा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायचा. आषाढात तो दोन दिवस वाळत नाही, म्हणून जादा फिल्टर आधीच घेऊन ठेवा. ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी, रोज बदलून. पाण्यात बुडबुडे दिसले नाहीत तर आधी झाकणाचे आटे वाकडे बसलेत का ते बघा. मेकॅनिकला फोन नंतर.

६-७ लिटर लागणाऱ्यांना ५चं मशीन पुरणार नाही, त्यांचा प्रश्न निराळा. आणि दोन्हीकडे नॉब स्वतः वाढवू नका: सीओपीडीत डॉक्टर बहुधा रक्तातल्या ऑक्सिजनचं (बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचं) ८८ ते ९२ टक्क्यांचं लक्ष्य देतात. त्याच्या फार वर नेलं तर काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं दुखणं, गुंगी ही त्याची खूण.

तेव्हा जमत असेल तर कॉन्सन्ट्रेटर, आणि जोडीला एक भरलेला बी टाइप. आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू होण्याच्या आधी तो वरच्या पद्धतीने तपासून घ्या, महिन्याला एकदा काटा बघा. वादळाचा इशारा आला तर वाट न पाहता पेशंटला तालुक्याच्या गावी हलवलेलं बरं. बी आणि इन्व्हर्टर मिळून सोळा तासांच्या वर निघत नाहीत. व्हॉल्व्ह उघडायची चावी सिलिंडरच्याच गळ्यात सुतळीने बांधा. टॉर्चच्या उजेडात ती कधीच सापडत नाही.