आधी कूर्बे की आधी मीले?

एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वास्तववादी चित्रकला मनापासून पाहायची ठरवली, की आरंभ ग्यूस्ताव्ह कूर्बेपासून करावा की झाँ फ्रांस्वा मीलेपासून, हा प्रश्न पडतोच. दोघांचा मान सारखा आहे. १८५०-५१ च्या पॅरिसच्या सलाँमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी कलाप्रदर्शनात, कूर्बेची ‘ऑर्नांमधील दफनविधी’ आणि ‘दगडफोडे’ ही चित्रे लागली, त्याच प्रदर्शनात मीलेचा ‘पेरणारा’ही होता. मी आरंभ कूर्बेपासून केला आणि काही महिन्यांनी मीलेकडे वळलो.

कूर्बेची बाजू मुळात भक्कम आहे. राजेरजवाड्यांच्या आणि पुराणकथांच्या चित्रांसाठी राखून ठेवलेला अवाढव्य कॅनव्हास त्याने आपल्या गावातील एका साध्या अंत्यविधीला दिला, आणि गावकऱ्यांनाच समोर उभे करून ती माणसे खऱ्या उंचीची रंगवली. १८५५ च्या जागतिक प्रदर्शनात हे चित्र आणि ‘चित्रकाराची कार्यशाळा’ नाकारले गेले, तेव्हा त्याने जवळच स्वतःचा मंडप उभारून त्याला वास्तववादाचेच नाव दिले. चळवळ कशी घडली हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याला कूर्बेला वगळता येणार नाही.

माझी अडचण झाली ती पुस्तकात. ‘दफनविधी’ तीन मीटरांहून उंच आणि साडेसहा मीटरांहून लांब आहे. माझ्या पुस्तकात ते समोरासमोरच्या दोन पानांवर पसरले होते, आणि ज्या उघड्या खड्ड्याभोवती सारी रचना उभी आहे तो नेमका पानांच्या शिवणीत गडप झाला होता. शोकवस्त्रांतील काळ्याच्या छटा एकमेकींत मिसळून एक काळा पट्टा तेवढा उरला होता, आणि चाळीसहून अधिक चेहरे, ज्यांच्यासाठी हे चित्र पाहायचे, ते ज्वारीच्या दाण्याएवढे झाले होते. भिंग लावले, दुसरे पुस्तक आणले, पडद्यावर तुकड्यातुकड्याने मोठे करून पाहिले, पण तुकडा दिसला की जमाव हरवत असे आणि जमाव दिसला की माणूस हरवत असे. मी चित्र पाहत नसून चित्राविषयीचे वर्णन पडताळत आहे, ही जाणीव मला फार खुपली. ‘दगडफोडे’ तर १९४५ मध्ये ड्रेस्डेनजवळ नष्ट झाले. ते आता कोणालाच प्रतिकृतीखेरीज पाहता येत नाही.

त्याच सुमारास मीलेचे १८५७ चे ‘सरवा वेचणाऱ्या’ हाती आले. मूळ चित्र जेमतेम ८४ बाय ११० सेंटीमीटरचे असल्याने छापील पानावर येताना त्याला फारसे आकसावे लागत नाही. वाकलेल्या दोन पाठी, अर्धवट उठलेली तिसरी बाई, दूरवर भरगच्च गंजी आणि घोड्यावरचा मुकादम, हे सारे हातभर अंतरावरूनही स्पष्ट कळते. कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे वेचण्याला मराठीत ‘सरवा’ हा शब्द आहे, आणि तो माहीत असलेल्या माणसाला त्या बायकांची गरिबी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. हा केवळ माझा अनुभव म्हणता येईल; परंतु व्हॅन गॉखने सँ-रेमीच्या रुग्णालयात १८८९-९० मध्ये मीलेवरून चित्रे रंगवली, तीही बहुतांशी काळ्या-पांढऱ्या छापील प्रतिकृतींवरूनच. रंग गळून गेल्यावरही मीलेची आकृती उभी राहते, याचा त्याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

मीलेवरचा एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. त्याचे चेहरे सावलीत राहतात, माणसे नावानिशी भेटत नाहीत, आणि ‘अँजेलस’ या शेतातल्या सांजप्रार्थनेच्या चित्रातील भक्तिभाव काहींना वास्तवापेक्षा प्रार्थनेच्या जवळचा वाटेल. कूर्बेच्या गावकऱ्यांची नाके लाल आहेत, ती कोणाला प्रिय वाटावीत म्हणून रंगवलेली नाहीत. या बाबतीत तो अधिक कठोर वास्तववादी आहे, असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही.

पुढे पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात ‘दफनविधी’समोर उभा राहिलो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आठ-नऊ पावले चालावे लागले, आणि शिवणीत गडप झालेला तो खड्डा माझ्या पायांपाशी उघडला. तेव्हा ज्यांचे पॅरिसला जाणे ठरलेले आहे त्यांनी आधी कूर्बेकडे जावे, हे उत्तम. ज्यांच्यापाशी सध्या पुस्तक आणि संध्याकाळचा एखादा तास एवढेच आहे, त्यांनी मीलेचे पान उघडावे, आणि कूर्बेला त्याच्या भिंतीसमोर भेटेपर्यंत थांबावे, असे मला वाटते.