कडबनवाडीची गवताळ सफारी: जरूर जा, पण लांडग्याचा हट्ट धरू नका

माझं माहेर दौंडकडचं, त्यामुळे माळ लहानपणापासून पाहिलेला. तरीही वनविभागाने २०२४ साली इंदापूर तालुक्यात सुरू केलेली कडबनवाडीची गवताळ सफारी मला मनापासून आवडली. बुकिंग ऑनलाइन होतं.

आमचा गाईड जवळच्याच गावचा, धनगराचा मुलगा. त्याने पहिल्यांदा दाखवला तो लेंड्यांचा ढीग. चिंकारा पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन लेंड्या टाकतो, म्हणून जागा ओळखता येते. पुढे लांडग्याची वाळून पांढरी पडलेली विष्ठा, आत केसांचा गुंता. मग चिंकारे दिसले. माना वर, शेपट्या सारख्या हलत्या, आणि बघता बघता पिवळ्या गवतात दिसेनासे! भोवत्या हा शिकारी पक्षी अगदी गवतालगत घिरट्या घालत नाकतोडे टिपत होता. हा पाहुणा मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरता येतो.

आमच्यातल्या एका काकांनी विचारलं, "इथे झाडं का लावत नाहीत? सगळं ओसाड आहे." गाईड शांतपणे म्हणाला, "काका, पाऊस कमी, खाली मुरूम. हे रान गवताचंच आहे. झाडांची दाटी झाली तर गवत मरतं, चिंकाऱ्याला लांबचं दिसत नाही, आमच्या मेंढरांना चारा उरत नाही."

माझ्या मते सफारीचे पैसे इथेच वसूल होतात. सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला अयोग्य जमीन) आणि देशाच्या पडीक जमिनींच्या ॲटलासमध्येही असे माळ, म्हणजे बघणाऱ्याला ती रिकामी जागाच वाटणार. मग कुणी ग्लिरिसिडियाची झाडं लावायला खड्डे खणतं, कुणाला तिथे कारखाना सुचतो, कुणाला सोलर. लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहे, पण तो ज्या उघड्या माळावर पिलं वाढवतो त्या माळाची किंमत कुणाला वाटत नाही. ती वाटायला लावणारी गोष्ट मला या सफारीत मिळाली. शाळांनी मुलांना आवर्जून आणावं.

आम्हाला लांडगा दिसला नाही, आणि दिसेलच असं धरूनही जाऊ नका. पहाटेची वेळ घ्या, दुपारी जनावर सावलीला बसतं. दुर्बीण हवीच. जाड पँट घाला, कुसळी गवताची कुसळं मोज्यांतून निघता निघत नाहीत. आणि गाईडला प्राण्यांइतकंच गवताबद्दलही विचारा, तो भरभरून बोलतो.