‘द कोल्ड इक्वेशन्स’: गणित चोख, यान भिकार

टॉम गॉडविनची ही कथा १९५४ साली ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकन विज्ञानकथा मासिकात आली. तापावरचं औषध घेऊन निघालेलं छोटं यान, मोजून दिलेलं इंधन आणि भावाला भेटायला म्हणून सामानाच्या कप्प्यात लपलेली अठरा वर्षांची मेरिलिन. तिला ठेवलं तर जादा वजनाने यान कोसळणार. ती, वैमानिक आणि औषधाची वाट बघणारे रुग्ण, सगळेच जाणार. बाहेर ढकललं तर एकटी ती.

ताण मात्र झकास जमलाय. कप्प्यातली उष्णता दाखवणारा काटा हलतो, म्हणजे आत कुणीतरी आहे; तिथूनच पोटात गोळा येतो.

खोट आहे ती मांडणीत. इंधनात राखीव साठा जवळपास शून्य, उड्डाणाआधी कप्पा कुणी तपासत नाही, आणि दाराला कुलपाऐवजी नुसती ‘प्रवेश बंद’ची पाटी! खुर्ची, कप्प्याचं दार उचकटून फेकलं तर किती किलो वाचतील, हा साधा हिशोबही नीट होत नाही. ‘एकाच्या बदल्यात अनेक’ हा पेच मग निसर्गाचा राहतच नाही. तो कंजूष नियम करणाऱ्यांचा आहे, आणि ते मात्र कथेतून अलगद निसटतात. संपादक कॅम्पबेलने मुलीला वाचवणारे शेवट परत पाठवले म्हणे, पटतं.

वाचा जरूर, पण दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन बसा.