ओरखडे वरवरचे होते, पैसे मात्र तीन पॅनल रंगवण्याचे घेतले

16,500 रुपये गेले. कुणी हॅक केलं नाही, ओटीपी मागितला नाही. मीच माझ्या मोबाइलवरून आधी 8,000 आणि नंतर 8,500 पाठवले. घरी खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

गाडी गडद निळी, मेटॅलिक. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी दुचाकीचं हँडल घासलं आणि डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे आणि मागच्या चाकावरचा पत्रा यांवर पांढऱ्या रेघा उठल्या. मुलीचा साखरपुडा नऊ दिवसांवर आला होता, व्याही याच गाडीत बसणार होते. मी काही कुणावरही विश्वास टाकणारा माणूस नाही. भाजीवाल्याचा हिशेबसुद्धा पुन्हा करून बघतो. पण रंगातलं मला काही कळत नाही, आणि गॅरेजवाल्याने ते पहिल्या दोन मिनिटांत ओळखलं.

रेघेवरून नख फिरवत म्हणाला, "बघा काका, अडकतंय. हे पांढरं दिसतंय ना, तो प्रायमर, रंगाखालचा थर. तिन्ही पॅनल मारावे लागतील, नाहीतर पावसाळ्यात गंज धरेल." नख त्याचं होतं. मी माझं फिरवून बघितलं नाही. तुम्ही स्वतःचं नख फिरवा, अगदी हलक्या हाताने.

आणि आता ते, जे आठवलं की आजही झोप उडते. त्याच्या पोराने धूळ काढायला दरवाज्यावर पाण्याचा पाइप धरला. पाणी पडलं आणि रेघा गेल्या. सगळ्या. ओला दरवाजा नव्यासारखा निळाशार दिसत होता. मी तिथेच, हातभर अंतरावर उभा होतो. पोराने फडकं मारलं, पत्रा वाळला, रेघा परत पांढऱ्या. मी विचारलंसुद्धा, "पाण्यात दिसत नव्हत्या त्या?" तो म्हणाला, "ओल्यात काहीच दिसत नाही काका." आणि मी मान डोलावली! रंग खरंच प्रायमरपर्यंत खरवडला असता तर ओल्या पत्र्यावरही तो वेगळा दिसला असता. पाण्याने रेघ लपते म्हणजे ओरखडा वरच्या पारदर्शक थरात, क्लिअर कोटमध्ये आहे. खालचा निळा रंग शाबूत आहे. असा ओरखडा बहुतेक वेळा रबिंग कंपाउंड (घासायची पेस्ट) आणि मशीन पॉलिशने जातो. उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होतं.

हिशेब असा: तीन पॅनल, प्रत्येकी 4,500, म्हणजे 13,500. मेटॅलिक कलरचे जादा 1,800. लॅकरचे, म्हणजे त्याच क्लिअर कोटचे, वेगळे 1,200. मेटॅलिक रंगावर लॅकर मारावंच लागतं, त्याचे वेगळे पैसे कसले? बिल मागितलं तर "जीएसटी लावला तर 18 टक्के वाढतील." क्यूआर कोडवर गॅरेजचं नाव नव्हतं, भलत्याच माणसाचं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. गाडी दिली रात्री आठनंतर, ट्यूबलाइटखाली. रंगकाम केलेली गाडी रात्री ताब्यात घेऊ नका, उन्हात उभी करून बघा.

दोन महिन्यांनी पुढच्या दरवाज्याचा रंग काचेच्या रबराजवळ सोलायला लागला. रबरावर निळी भुकटी बसलेली होती, म्हणजे रंग मारताना रबर झाकायचं साधं मास्किंगही धड केलं नव्हतं. दुसऱ्या पेंटरने रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावलं. छपरावर 120 मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तो कंपनीचा रंग. पुढचा दरवाजा 290, मागचा 270. आणि मागच्या चाकावरचा पत्रा 115. तो रंगवलाच नव्हता! नुसता घासून पॉलिश केला होता, आणि तिथे आज एकही रेघ नाही. म्हणजे तिन्ही पॅनल तसेच झाले असते. हा पेंटर म्हणाला, "दीड हजाराचं काम होतं." कंपनीचा मूळ रंग चांगला असताना दोन दरवाजे खरवडले, याचा राग पैशांपेक्षा जास्त आहे. उद्या गाडी विकताना घेणारा हेच यंत्र लावून अपघाताची गाडी म्हणणार.

चौकीत गेलो. पाऊण तास बाकावर बसवलं. "पैसे तुम्हीच दिलेत ना? काम झालंय ना? मग हे सिव्हिल मॅटर." मी मायक्रॉनचे फोटो दाखवले तर बघायलाही तयार नाहीत. लेखी अर्ज घ्या म्हटलं तर साहेब राउंडला गेलेत. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पोच मात्र शिक्का संपलाय म्हणून दिली नाही. शिक्का संपतो? ऑनलाइन तक्रार केली तर "समोरच्या पक्षाने काम पूर्ण केल्याचे कळवले आहे" असं लिहून बंद. मला एक फोन नाही. ज्याने लुबाडलं त्याचाच शब्द प्रमाण!

गॅरेजवाला आता फोन उचलत नाही. काम सुरू करण्याआधी कोणते पॅनल आणि काय करणार, हे व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. मी एवढं एक केलं होतं, म्हणून काहीतरी हातात आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रार दाखल केली आहे. तीन पॅनल रंगवतो म्हणून त्याने पाठवलेला मेसेज, दोन्ही पेमेंटचा बँकेचा उतारा आणि यंत्रावरच्या चारही आकड्यांचे फोटो जोडलेत. रबरावरची निळी भुकटी मुद्दाम पुसलेली नाही.