सेकंडहँड मीटिऑर ३५० कोणत्या सालाची घ्यावी? अकरा महिने, ९,२०० किलोमीटरनंतर

गाडी रॉयल एनफिल्डची मीटिऑर ३५०, २०२२ची सुपरनोव्हा (पुढे काच असलेला प्रकार), पहिल्या मालकाकडून, घेताना काटा १४,६००वर. वापर मुख्यतः बीड–केज–अंबाजोगाई–लातूर या पट्ट्यात, महिन्यातून एक-दोनदा छत्रपती संभाजीनगर. जुनी क्रूझर बघायला गेलं की सगळे आधी 'किती चालली' विचारतात. त्याआधी आरसीवरचा उत्पादनाचा महिना वाचा. नोंदणीची तारीख वेगळी, उत्पादनाची वेगळी. डिसेंबरात तयार झालेली गाडी मार्चमध्ये पासिंग झाली की विकणारा ती पुढच्या सालची म्हणून सांगतो, आणि भावही त्याच सालाचा लावतो.

मीटिऑर नोव्हेंबर २०२०मध्ये आली. मे २०२१मध्ये कंपनीने इग्निशन कॉइलमधल्या दोषासाठी मीटिऑर, क्लासिक आणि बुलेट ३५० मिळून २,३६,९६६ गाड्या परत तपासायला बोलावल्या. मीटिऑरपुरतं बोलायचं तर डिसेंबर २०२० ते एप्रिल २०२१ या काळात तयार झालेल्या गाड्या त्यात होत्या. दोष असलेल्या कॉइलने मिसफायर होतो (इंजिनात ठिणगी मध्येच चुकते), ओढ कमी होते आणि क्वचित शॉर्टसर्किटही होऊ शकतं. म्हणून या पाच महिन्यांतली गाडी घेऊच नये असं नाही. चेसिस नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, कॉइलची तपासणी झाल्याची नोंद बघा. झाली असेल तर गाडी बिनधास्त घ्या, उलट भावात घासाघीस करायला जागा मिळते. नोंद नसेल तर आधी विकणाऱ्याकडून तपासणी करून घ्या, पैसे नंतर.

२०२१च्या उत्तरार्धापासून २०२२ अखेरपर्यंतच्या गाड्या पैशाच्या मानाने सगळ्यात पदरात पडणाऱ्या. यांतल्या काहींना ट्रिपर, म्हणजे रस्ता दाखवणारा छोटा गोल पडदा, नाही. त्यासाठी गाडी सोडू नका, हँडलवर मोबाइल लावला की काम भागतं. १ एप्रिल २०२३पासूनच्या गाड्या बीएस-६ या प्रदूषण नियमांच्या दुसऱ्या टप्प्यातल्या आणि ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल सोसणाऱ्या साहित्याच्या. पंपावर आता सगळीकडे तेच पेट्रोल मिळतं. त्यामुळे आठ-दहा वर्षं गाडी ठेवायची असेल तर हे साल जास्त पैसे मोजण्यासारखं आहे. २०२३च्या शेवटी सुपरनोव्हाला एलईडी हेडलाइट आला. आधीचा हॅलोजन गावात ठीक, पण ऊसतोडीच्या हंगामात माजलगाव किंवा केजच्या रस्त्यावर मागे रिफ्लेक्टर नसलेली दोन ट्रॉल्यांची ट्रॅक्टरं रात्री अंधारात पुढे असतात, तेव्हा हा उजेड कमी पडतो. त्याच सुमारास आलेल्या ऑरोरा या प्रकाराला स्पोकची चाकं आणि ट्यूबचे टायर आहेत. दिसायला देखणी, पण मागचं चाक आडरानात पंक्चर झालं तर ते पूर्ण खोलावं लागतं. फायरबॉल, स्टेलर, सुपरनोव्हा या तिन्ही ट्यूबलेस.

बजेट कमी असेल तर रॉयल एनफिल्डच्याच जुन्या क्रूझरकडे, थंडरबर्डकडे वळावंसं वाटतं, आणि ते चूकही नाही. ऑक्टोबर २०१२नंतरच्या थंडरबर्डला २० लिटरची टाकी आणि मागे डिस्क ब्रेक आहे. फेब्रुवारी २०१८मध्ये आलेल्या थंडरबर्ड ३५०एक्सला अलॉय चाकं आणि ट्यूबलेस टायर. माझ्या मते थंडरबर्ड घ्यायचीच तर २०१९ची, एबीएसवाली (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेली) ३५०एक्स. त्या जुन्या ३४६ सीसी इंजिनात थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट नाही, म्हणून ८५च्या पुढे हँडल आणि फूटरेस्ट बोलू लागतात. दुसरं, सेल्फचा स्प्रॅग क्लच, म्हणजे सेल्फच्या मोटरचा जोर इंजिनाला देणारा, एकाच दिशेने पकडणारा भाग. बॅटरी कमकुवत असताना सेल्फ मारत राहिलं की इंजिन उलटा झटका देतं आणि तो झटका स्प्रॅग खातो. सकाळी थंड इंजिनावर सेल्फ मारून ऐका: मोटर घर्र फिरली आणि इंजिन फिरलंच नाही, किंवा 'खट्ट' असा धातूचा आवाज आला, तर डाव्या बाजूचं कव्हर खोलण्याचा खर्च भावातून वजा करा.

बजाजची ॲव्हेंजर क्रूझ २२० उंचीने कमी असलेल्यांना आणि तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांना खरंच सोयीची: सीट ७३७ मिलिमीटरवर, मिस्त्री कुठेही सापडतो. २०१९मध्ये एबीएस आलं, २०२०च्या बीएस-६मध्ये कार्ब्युरेटर गेला. घ्यायची तर २०२० किंवा पुढची. इंजिनाला दोन प्लग आहेत आणि बरेच मिस्त्री सहज हात पोहोचणारा एकच बदलतात, एवढं ध्यानात ठेवा.

आता मीटिऑर प्रत्यक्ष बघताना. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, 'गाडी सुरू करून ठेवू नका.' गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा. गरम असेल तर थंड सुरुवातीची खोड लपवलेली असू शकते. या गाडीला किक नाही, त्यामुळे १२ व्होल्ट ८ एएचची बॅटरी हाच सगळा आधार. मल्टिमीटर लावा: बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास, चालू करून थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.४. त्यापेक्षा कमी दाखवलं तर चार्जिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल अगदी हळू डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडल फिरतं त्या दांड्याची बेअरिंगं) गेला. आपल्याकडे न रंगवलेले स्पीडब्रेकर इतके आहेत की २०,००० किलोमीटरच्या आतच ही खाच पडलेली दिसते. पुढच्या शॉकअपच्या पाइपवर तेलाची ओली रेघ आणि तिच्यावर चिकटलेली काळी माती म्हणजे ऑइल सील गेलं. ब्रेकच्या डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, व्हर्नियर लावून मोजा.

काटा खरा की खोटा, हे टायर सांगतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३२२ म्हणजे २०२२चा तेविसावा आठवडा. गाडी २०२२ची, काटा ९,०००वर आणि मागचा टायर २०२४चा असेल, तर पहिला कुठे गेला ते विचारा. उत्तर अडखळलं की सर्व्हिस सेंटरमधून जुनी जॉबकार्डं मागवा. प्रत्येक भेटीचे किलोमीटर त्यावर लिहिलेले असतात.

ताब्यात आल्याबरोबर चार कामं केली: १५डब्ल्यू-५० ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, डॉट-४ ब्रेक ऑइल आणि नवी बॅटरी. बॅटरी तपासणीत पास होती, पण तीन उन्हाळे खाल्लेली बॅटरी चौथ्या मे महिन्यात ४३ अंशांवर कधी साथ सोडेल ते सांगता येत नाही, आणि किक नसलेल्या गाडीला ढकलून सुरू करणं हे एकट्या माणसाचं काम नाही.

चालवायला गाडी शांत. ४,००० आरपीएमला २७ न्यूटन-मीटर, म्हणून पाचव्या गिअरमध्ये ५५-६०लाही न अडखळता ओढते. मांजरसुंब्याचा घाट दोघांसह चौथ्यात आरामात निघतो. ८० ते ९५ हा तिचा सुखाचा वेग. १००च्या पुढे इंजिन ताणल्यासारखं वाटतं आणि ॲव्हरेजही पडतं. समृद्धीवर दुचाकीला बंदी असल्याने तेवढा वेग लागण्याचा प्रसंगही फारसा येत नाही. ॲव्हरेज ३४ ते ३७, टाकी १५ लिटरची. सुपरनोव्हाची काच उन्हाळ्यातल्या झळांमध्ये छातीवरचा वारा तोडते, हे तिचं मोठं सुख. मात्र बुटक्या माणसाच्या हेल्मेटवर त्याच वाऱ्याचा घोंगाट येतो.

खड्ड्यांत मागचे शॉकअप कडक लागतात. त्यांच्या कडकपणाच्या सहा टप्प्यांतला दुसरा एकट्याला, चौथा दोघांना. हवा थंड टायरात भरायची: पुढे ३२, मागे एकट्याला ३२, दोघांना ३६. दोघं आणि सामान असताना पहिल्या टप्प्यावरच गाडी ठेवली तर उंच स्पीडब्रेकरवर मेन स्टँड घासतो.

पावसाळ्यात काळ्या मातीने त्रास दिला. शेतरस्त्यावर अर्धा किलोमीटर गेलं तरी पुढच्या मडगार्डखाली चिखल गच्च बसतो आणि वाळला की टायरला घासतो. तो ओला असतानाच काठीने काढायचा. चेनमध्ये गेलेली माती सगळ्यात वाईट. मऊ ब्रश आणि रॉकेलने धुऊन, पुसून, दर ५०० किलोमीटरला चेन ल्यूब. पेट्रोल वापरू नका, चेनच्या कड्यांतल्या ओ-रिंगची (रबरी कड्यांची) वाट लागते. बोअरच्या क्षाराच्या पाण्याने धुतलं तर उन्हात वाळू देऊ नका, सायलेन्सरवर पांढरे डाग कायमचे बसतात. एअर फिल्टर कागदी आहे, धुवायचा नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत धुळीच्या रस्त्याने ये-जा असेल तर पुस्तकातल्या मुदतीआधीच बदला.

भावाचं एक. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, तरी जुन्या गाडीवाले अजून जुन्याच हिशेबाने मागतात. बोलायला बसण्याआधी शोरूममधून आजची ऑन-रोड किंमत लिहून घ्या.

कागदांत मालकी बदलाचे फॉर्म २९च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०. कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटी बसली आहे का बघा. २०२१-२२च्या गाडीचा थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा असतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा बहुधा पहिल्या वर्षानंतर कोणी भरलेला नसतो. दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या वाचा, आणि गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमाही आपल्या नावावर करून घ्या.