शंभर मशीनवर ऑफिस: ग्रुप पॉलिसी, पुश, कॉन्फिगरेशन मॅनेजर की इंट्यून?

नेटवर्कवरून शंभरेक मशीनवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस बसवायचं म्हटलं की या चार वाटा समोर येतात. ऑफिस चारहींनी बसतं. त्यामुळे निवड करताना मी आधी एवढंच बघतो: ज्या आठ-दहा मशीनवर ते बसलं नाही, त्यांची नावं मला कोण देणार?

आधी पॅकेज

वाट कुठलीही असली तरी आत चालणारं साधन एकच आहे. ऑफिस २०१६ ही एमएसआय (विंडोजची जुनी इन्स्टॉलर फाइल) पॅकेजमध्ये मिळणारी शेवटची आवृत्ती. २०१९ पासून सगळं क्लिक-टू-रन, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या नव्या इन्स्टॉल पद्धतीचं झालं. २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे एमएसआयवर अडून राहण्यात आता अर्थ नाही. नव्या ऑफिससाठी ऑफिस डिप्लॉयमेंट टूल वापरायचं: छोटासा सेटअप आणि सोबत एक एक्सएमएल फाइल, जिच्यात काय आणि कसं बसवायचं ते लिहिलेलं असतं.

त्या फाइलवर वेळ घालवा, पुढचे बरेच फोन वाचतात. ३२ की ६४ बिट हे आधीच ठरवा, कारण क्लिक-टू-रनचे हे दोन प्रकार एका मशीनवर एकत्र नांदत नाहीत. अपडेटचं चॅनेल (अपडेट किती वेळानं यावेत ते) निवडा, नको असलेली अ‍ॅप्स वगळा, जुनं एमएसआय ऑफिस काढून टाकायची ओळ घाला आणि सेटअपचा डिस्प्ले, म्हणजे पडद्यावरच्या त्याच्या खिडक्या, पूर्ण बंद ठेवा. परवान्याची अट मान्य असल्याची नोंदही त्यातच हवी. नाहीतर कुणाला न दिसणाऱ्या खिडकीत सेटअप 'ॲक्सेप्ट'ची वाट बघत बसू शकतो.

फाइल्स एकदाच डाउनलोड करून आतल्या शेअर फोल्डरवर ठेवायच्या, हे तर आलंच. हिशेब सोपा आहे. एका मशीनला ३ जीबी धरले तर १०० मशीनला ३०० जीबी. १०० एमबीपीएसच्या इंटरनेट लाइनवरून हे उतरायला, लाइन पूर्ण मोकळी असली तरी, सहा तासांहून जास्त लागतात. गिगाबिट लॅनवर कागदोपत्री ४० मिनिटं.

ग्रुप पॉलिसी: फुकट, पण मुकी

डोमेन (सगळी मशीन एका मध्यवर्ती सर्व्हरच्या ताब्यात) असेल तर ग्रुप पॉलिसी, म्हणजे सगळ्या मशीनना एका जागेवरून नियम लावायची विंडोजची सोय, हाताशीच असते, आणि म्हणूनच बहुतेक जण आधी तिच्याकडे वळतात. तिची मूळ 'सॉफ्टवेअर इन्स्टॉलेशन' सोय विंडोज २००० च्या काळातली, एमएसआयसाठी बनवलेली. क्लिक-टू-रन ऑफिस तिथे चालत नाही. मग उरते मशीन सुरू होताना चालणारी स्टार्टअप स्क्रिप्ट, आणि तिथे तीन ठिकाणी ठेच लागते.

पहिली परवानगीची. स्क्रिप्ट सिस्टिम खात्याखाली चालते, म्हणजे शेअरवर मशीनचं खातं जातं, युजरचं नाही. 'डोमेन कॉम्प्युटर्स' या गटाला वाचायची परवानगी हवी. दुसरी वेळेची. ग्रुप पॉलिसी स्क्रिप्टसाठी डीफॉल्ट ६०० सेकंद थांबते. सकाळी एकदम पन्नास मशीन सुरू झाली की दहा मिनिटांत ऑफिस बसेलच याची खात्री नाही. म्हणून स्क्रिप्टने स्वतः इन्स्टॉल करत बसू नये, फक्त एक शेड्यूल्ड टास्क (विंडोज नंतर आपोआप चालवेल असं काम) लावून मोकळं व्हावं. तिसरी, स्क्रिप्ट प्रत्येक बूटला चालते, तेव्हा ऑफिस आधीच आहे का हे सुरुवातीलाच तपासायला हवं. वायफायवरचे लॅपटॉप ही वेगळीच डोकेदुखी: लॉगिनच्या आधी नेटवर्कच नसेल तर स्क्रिप्टला शेअर कुठून सापडणार?

एवढं करूनही रिपोर्ट मिळत नाही. लॉग त्या त्या मशीनच्या टेम्प फोल्डरमध्ये पडून राहतो. निकालाची एक ओळ मध्यवर्ती शेअरवर लिहायची सोय तुम्हीच करायची. तयारी असेल तर ग्रुप पॉलिसी उत्तम. नसेल तर ती स्वस्त वाटते एवढंच.

पुश: लहान ऑफिसात माझी पहिली पसंती

पीडीक्यू डिप्लॉयसारखं साधन किंवा स्वतःची पॉवरशेल स्क्रिप्ट. तुम्ही यादी देता, बटण दाबता, आणि प्रत्येक मशीनचा निकाल एका कोडच्या रूपात समोर येतो. शून्य आलं तर झालं. ३०१० आलं तर तेही झालं, फक्त रीस्टार्ट बाकी; याला चूक समजून पुन्हा पुश करणारे पुष्कळ असतात. १६१८ म्हणजे त्या मशीनवर दुसरं काहीतरी इन्स्टॉल होतंय, थोड्या वेळानं बघा.

अटी दोन: मशीन चालू हवं, आणि तुमच्याकडे त्याचे ॲडमिन अधिकार हवेत. पॉवरशेलवाल्यांचं घोडं हमखास एका जागी अडतं. रिमोट सेशनमधून तिसऱ्या सर्व्हरवरचा शेअर उघडायला गेलात की 'ॲक्सेस डिनाइड' येतं, कारण तुमचं लॉगिन पहिल्या मशीनच्या पुढे नेलं जात नाही. फाइल्स आधी मशीनवर कॉपी करा आणि तिथून चालवा.

कॉन्फिगरेशन मॅनेजर

मोठ्या नेटवर्कमधली मशीन सांभाळायचं मायक्रोसॉफ्टचं साधन, पूर्वीचं एससीसीएम. रिपोर्ट, टप्प्याटप्प्यानं वाटप, प्रत्येक शाखेत डिस्ट्रिब्युशन पॉइंट (तिथल्या मशीनना फाइल्स पुरवणारा सर्व्हर), सगळं आहे. शिवाय एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस आणि ते सांभाळणारा माणूसही लागतो. फक्त ऑफिससाठी हे उभारू नका. आधीच चालू असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, तेच वापरा.

इंट्यून

ही क्लाउडवरून मशीन सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा. मशीन घरोघरी विखुरलेली असतील तर इथे फार विचार करण्यासारखं काही नाही. मशीन एनरोल (इंट्यूनमध्ये नोंदलेलं) असेल आणि इंटरनेटवर असेल, की ऑफिस पोचतं. डोमेनशी गाठ पडायची गरज नाही. कोणत्या मशीनवर बसलं, कुठे फसलं, हे एका पडद्यावर दिसतं.

बोच वेगळीकडे आहे. परवाना माणशी किंवा मशीनमागे मोजावा लागतो. प्रत्येक मशीन माल थेट मायक्रोसॉफ्टकडून उतरवतं, म्हणून एकाच ऑफिसात शंभर जण बसत असतील तर डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन नीट लावा. मग शेजारची मशीन एकमेकांना तुकडे पुरवतात. आणि धीर धरा. मशीन साधारण आठ तासांनी चेक-इन करतं, म्हणजे काही नवं आहे का ते विचारतं. 'आत्ता, या क्षणी' असं इथे काही नसतं. पुशची सवय झालेल्याला हे फार जाचतं.

लिब्रेऑफिस असेल तर

गणित बदलतं. त्याचं विंडोज पॅकेज अजूनही एमएसआयच आहे, त्यामुळे ग्रुप पॉलिसीची जुनी सोय सरळ चालते. वर्ड-एक्सेलच्या फाइल कशात उघडायच्या हेही इन्स्टॉल करतानाच ठरवता येतं.

मी काय निवडेन

सगळी मशीन एका लॅनवर आणि दोनशेच्या आत: पुश. डोमेन आहे, पण नवं साधन घ्यायची मुभा नाही: ग्रुप पॉलिसी, शेड्यूल्ड टास्कसह. निम्मे लॅपटॉप बाहेर: इंट्यून, आणि आतल्यांसाठीही तेच, दोन पद्धती चालवल्या की दोन याद्या जुळवत बसावं लागतं. व्हॉल्यूम परवाना केएमएसनं (आपल्याच नेटवर्कमधल्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरनं) ॲक्टिव्हेट करणार असाल तर चाचणीला दोन-तीन मशीन घेऊन भागणार नाही: ऑफिससाठी केएमएसला किमान पाच मशीन दिसावी लागतात, तोवर एकही ॲक्टिव्हेट होत नाही.